स्वभावाला औषध असते का?

‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते खरे आहे का, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सासऱ्यांचा चिडखोरपणा, मोठ्या जाऊबाईंची सततची काळजी, धाकट्या मुलाचे कुणातही न मिसळणे, अशा सगळ्या चर्चा या वाक्यापाशी येऊन थांबतात आणि पुढची वर्षे त्या माणसाला सांभाळून घेण्यात जातात. इंदूरच्या रामबागेत माझे औषधांचे दुकान आहे. ज्या घरात हे वाक्य ठामपणे म्हटले जाते, त्याच घरातले कुणी मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आले की पहिली शंका नेमकी उलटी असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. एका काकूंनी मुलासाठी एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाची दहा मिलिग्रॅमची पट्टी घेतली, ती उलटसुलट करून पाहिली, शेजारचे गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “अहो, याने तो बदलून तर जायचा नाही ना? आहे तसा राहील ना?”

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. स्वभाव ही जर काळ्या दगडावरची रेघ असेल, तर एका गोळीने ती पुसली जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आणि गोळीने स्वभावात फरक पडत असेल, तर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून एखाद्याला वर्षानुवर्षे त्याच अवस्थेत राहू देणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. गेल्या पंचवीसएक वर्षांच्या संशोधनातून जे उत्तर पुढे आले आहे ते या दोहोंच्या मधले आहे. ही औषधे माणसाच्या आत दुसरा माणूस आणून बसवत नाहीत. ती मेंदूची बदलण्याची तयारी वाढवतात, आणि तो बदल कोणत्या दिशेने होणार हे बऱ्याच अंशी त्या काळात त्या माणसाच्या वाट्याला काय येते यावर ठरते, असा या संशोधनाचा मला समजलेला अर्थ आहे. तो नीट समजायचा असेल तर थोडे मागे जावे लागेल.

नैराश्यावरची औषधे कुणी मुद्दाम शोधली नाहीत. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनायझिड नावाचे नवे औषध दिले जात होते, तेव्हा दिवसेंदिवस अंथरुणाला खिळलेले रुग्ण हसू-बोलू लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून हे डॉक्टर इमिप्रामिन हे रसायन स्किझोफ्रेनियावर चालते का ते पाहत होते. तिथे ते चालले नाही, पण खोल उदासीत बुडालेल्या रुग्णांना त्याने उभारी दिली, आणि १९५७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. उलट बाजूचा पुरावा मात्र आपल्याकडच्या सर्पगंधेतून मिळाला. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली रक्तदाब आणि मनोविकार यांवरील तिचा उपयोग नोंदवला होता, आणि मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखामुळे ती पाश्चात्त्य डॉक्टरांपर्यंत पोहोचली. पुढे तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण उदास होतात असे दिसले, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले की रेसर्पिनमुळे मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांचे साठे रिकामे होतात. साठा रिकामा झाला की उदासी येते आणि वाढवला की ती जाते, म्हणजेच नैराश्य ही या रसायनांची कमतरता आहे, असे गणित त्यावरून मांडले गेले. १९८७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाला मंजुरी मिळाली आणि त्यानंतर ‘सेरोटोनिन कमी झाले आहे’ हे स्पष्टीकरण घरोघर पोहोचले. आमच्या दुकानातही ते अजून रोज ऐकू येते.

हे गणित टिकलेले नाही. लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली तोवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य असलेल्यांच्या मेंदूत सेरोटोनिन कमी असते असे सांगणारा सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यावरून ‘ही औषधे म्हणजे निव्वळ फसवणूक’ असा निष्कर्ष काहींनी काढला, तो मात्र चुकीचा आहे, कारण औषध लागू पडते की नाही हा प्रश्न वेगळा आणि ते कशामुळे लागू पडते हा वेगळा. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने ५२२ चाचण्यांची एकत्रित मांडणी केली, ज्यांत एकूण एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात तपासलेली सर्वच्या सर्व २१ औषधे प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, सरस ठरली. फरक सरासरीने बेताचाच होता. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या सुमारे चार हजार रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या औषधाने जवळजवळ एक तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे झाले आणि बाकीच्यांना दुसरे औषध, जोड औषध किंवा वेगळा उपचार लागला. पहिल्या गोळीने गुण आला नाही म्हणून उपचारच सोडून देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मेंदूच्या लवचिकतेकडे नेणारी गोष्ट चिठ्ठीवरच्या दोन गोळ्यांतून नेमकी कळते. पुष्कळदा डॉक्टर सुरुवातीचे काही आठवडे एस्सिटालोप्रामसोबत क्लोनॅझेपाम लिहून देतात. क्लोनॅझेपाम त्याच रात्री झोप आणते. एस्सिटालोप्रामने पहिल्या आठवड्यात मळमळ होते, थोडी अस्वस्थता वाढते आणि मन मात्र तसेच राहते. मग पंधरा दिवसांनी तोच माणूस परत येतो आणि म्हणतो, “दादा, ती छोटी गोळी तेवढी द्या, मोठीने काही होत नाही.” ज्या गोळीची सवय लागते ती त्याला हवी असते आणि जिच्यावर खरी भिस्त आहे ती नको असते. हे थांबवायचे असेल तर उशीर का लागतो ते सांगावे लागते. मेंदूतल्या दोन चेतापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. पहिली पेशी तिथे सेरोटोनिन सोडते आणि काम झाले की परत शोषून घेते. हे परत शोषणे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे अडवतात. हे अडवणे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होते. सेरोटोनिन वाढणे हाच उपचार असता तर माणूस त्याच संध्याकाळी बरा वाटून घेऊ लागला असता. प्रत्यक्षात दोन ते सहा आठवडे लागतात, कारण त्या अवधीत पेशी स्वतःत बदल करत असतात: त्यांच्या निरोप घेणाऱ्या जागांची संख्या बदलते, वाढीला पोषक प्रथिने अधिक तयार होतात, जुन्या जोडण्या सैल होतात आणि नव्या घट्ट होतात.

ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांनी या उशिराकडे आणखी एका बाजूने पाहिले, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांच्या प्रयोगांत नैराश्यविरोधी औषधाच्या अगदी पहिल्या मात्रांनंतर, म्हणजे मन उदासच असताना, लोकांना समोरच्या चेहऱ्यांवरचे भाव थोडे वेगळे दिसू लागतात असे आढळले. नैराश्यात असलेला माणूस कोऱ्या चेहऱ्यावर नाराजी वाचतो. औषधानंतर हा कल कमी होतो, आनंदी चेहरा ओळखणे सोपे जाते आणि स्वतःविषयीचे चांगले शब्द जास्त लक्षात राहतात. त्या माणसाला स्वतःला यातले काही जाणवत नाही. पण दिवसभरात त्याच्यासमोर येणारे शेजारी, दुकानदार, सहकारी, घरातली माणसे यांच्याकडून त्याच्या मनात साठणारा हिशोब हळूहळू बदलत जातो, आणि काही आठवड्यांनी त्याचा परिणाम मनःस्थितीवर दिसतो. याचा अर्थ असा की औषध सुरू असताना ज्याला कुणी भेटतच नाही, त्याच्यापाशी नव्याने वाचायला चेहरेच नसतात. गोळी खाऊन खोलीचे दार लावून बसणारा माणूस औषधाचा अर्धा उपयोग गमावतो, असे मी म्हणतो ते या आधारावर.

आता स्वभावाकडे वळू. मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्व साधारणपणे पाच गुणविशेषांवर मोजतात. नव्या अनुभवांची ओढ, कामातला नेटकेपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती हे चार, आणि पाचवा न्यूरॉटिसिझम, ज्याला आपण चिंताशीलता म्हणू: लहानशा गोष्टीने मन ढवळून निघणे, लवकर घाबरणे, लवकर चिडणे, झालेले अपमान मनात घोळवत राहणे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की माणसामाणसांत या गुणांमध्ये जो फरक असतो, त्याचा सुमारे चाळीस ते पन्नास टक्के भाग आनुवंशिक असतो. तिशीनंतर हे गुण बऱ्यापैकी स्थिरावतात, पण गोठून जात नाहीत. वय वाढते तशी चिंताशीलता सर्वसाधारणपणे थोडी कमी होत जाते. चिंताशीलता जास्त असणाऱ्यांना नैराश्याचा धोका जास्त असतो, आणि म्हणून औषधाचा स्वभावावर काय परिणाम होतो हे पाहताना संशोधकांचे लक्ष मुख्यतः याच गुणावर राहिले.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे टोनी टँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास या बाबतीत बोलका आहे. नैराश्य असलेल्या २४० रुग्णांपैकी काहींना पॅरॉक्सेटिन हे याच प्रकारचे औषध, काहींना प्लासिबो आणि काहींना विचारपद्धतीवर काम करणारी मानसोपचारपद्धती दिली गेली. नैराश्य कमी झाले की चिंताशीलताही कमी दिसणार हे उघड आहे, म्हणून त्यांनी ज्यांचे नैराश्य सारख्याच प्रमाणात कमी झाले होते अशा रुग्णांची तुलना केली. नैराश्यातली सुधारणा सारखी असूनही पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांच्या चिंताशीलतेतला बदल प्लासिबोवाल्यांच्या ६.८ पट आणि बहिर्मुखतेतला बदल ३.५ पट होता. औषधाने बरे वाटलेल्या रुग्णांपैकी ज्यांची चिंताशीलता अधिक उतरली होती, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाणही कमी आढळले. म्हणजे स्वभावातला हा बदल आजार बरा झाल्याची केवळ सावली नव्हती. कदाचित औषध आधी स्वभावातली ही चिंताशीलता उतरवते आणि त्यामुळे नैराश्य हटते, अशी शक्यता या अभ्यासाने पुढे ठेवली. एकाच अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये हे खरे, पण ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यासांचा एकत्र विचार केला तेव्हाही, सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनी व्यक्तिमत्त्वात मोजता येण्याजोगा बदल होतो, तो सर्वांत जास्त चिंताशीलतेत होतो आणि उपचार संपल्यावरही बराचसा टिकतो, असेच दिसले.

तेव्हा काकूंना दिलेले माझे उत्तर थोडे लांब होते. मुलाची विनोदबुद्धी, त्याच्या आवडीनिवडी, त्याची मूल्ये, आईवरचा जीव, यांना ही गोळी सहसा हात लावत नाही. मेसेजचे उत्तर आले नाही म्हणून रात्रभर जागे राहणे, नोकरीच्या मुलाखतीला निघून राजवाड्यापासूनच परत फिरणे, वडिलांच्या एका वाक्यावर तीन दिवस न जेवणे, हे मात्र कमी होऊ शकते, आणि घरच्यांनी त्यालाच त्याचा स्वभाव मानले असेल तर होय, स्वभाव थोडा बदलेल. कित्येक घरांत ज्याला स्वभाव म्हटले जाते ते वर्षानुवर्षे अंगावर काढलेले सौम्य नैराश्य असते. ते विशीत सुरू होते, त्यामुळे आधीचा माणूस कसा होता हे कुणालाच आठवत नाही, त्याला स्वतःलाही नाही. उपचारांनंतर असे रुग्ण आपण बदललो असे म्हणत नाहीत, बऱ्याच काळाने आपल्यासारखे वाटते आहे असे म्हणतात.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही औषधे घेणाऱ्यांपैकी बरेच जण, काही पाहण्यांत निम्म्याच्या आसपास, आपल्या भावना बोथट झाल्याचे सांगतात: रडू येत नाही तसे आनंदानेही मन भरून येत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६६ निरोगी स्वयंसेवकांपैकी काहींना किमान तीन आठवडे एस्सिटालोप्राम दिले. त्यांचे लक्ष आणि स्मरणशक्ती चांगली राहिली, पण एखाद्या कृतीने फायदा झाला की तोटा, हे पाहून पुढची कृती बदलण्याची क्षमता मंदावली. ज्या यंत्रणेमुळे दुःखाची धार कमी होते, त्याच यंत्रणेमुळे सुखाचीही होत असावी. कामेच्छा कमी होणे हा दुष्परिणाम तर फार जणांना होतो आणि लाजेखातर तो सांगितला जात नाही. नवराबायकोत त्यावरून गैरसमज होतात आणि औषध गुपचूप बंद होते. या दोन्ही तक्रारींवर मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे असे उपाय डॉक्टरांकडे असतात, पण ते सांगितल्यावरच करता येतात. आणखी एक वेगळी खूण घरच्यांनी ओळखायला हवी. औषध सुरू झाल्यावर माणूस चार तास झोपूनही ताजातवाना असेल, अखंड बोलत असेल, पैसे उधळू लागला असेल, तर ‘स्वभाव खुलला’ म्हणून आनंद न मानता लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण तो दुसऱ्या प्रकारच्या आजाराचा, बायपोलर विकाराचा, संकेत असू शकतो. पंचविशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते, म्हणून त्या काळात त्यांना एकटे सोडू नये.

मेंदू स्वतःला कुठवर बदलू शकतो, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ निकालात काढलेला होता. स्पेनचे थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचे मत असे होते की प्रौढ मेंदूतले चेतामार्ग ठरलेले आणि न बदलणारे असतात. पुढे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी, ज्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, मांजरीच्या पिल्लांवर दाखवले की जन्मानंतरच्या ठराविक आठवड्यांत एक डोळा झाकलेला राहिला तर मेंदूतला त्या डोळ्याचा हक्क जातो, आणि नंतर डोळा उघडूनही तो परत मिळत नाही. लहानपणीचा एक काळ असतो, तो सरला की मेंदूचा तो भाग पक्का होतो, असे त्यावरून मानले गेले.

त्या समजाला धक्का देणारा एक प्रयोग २००८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जातो. इटली आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी असे मोठे उंदीर घेतले ज्यांचा एक डोळा लहानपणापासून बंद ठेवल्यामुळे अधू झाला होता. त्यांना पिण्याच्या पाण्यातून फ्लुओक्सेटिन दिले. मग अधू डोळा उघडला आणि चांगला डोळा झाकला. काही आठवड्यांत अधू डोळ्याची दृष्टी सुधारली, जी त्या वयात सुधारायला नको होती. चांगला डोळा झाकून अधू डोळ्याला कामाला लावणे हा या प्रयोगाचा औषधाइतकाच आवश्यक भाग होता. २०११ साली हेलसिंकीच्या एरो कास्त्रेन यांच्या गटाने भीतीच्या बाबतीत तेच दाखवले. एका आवाजाला घाबरायला शिकलेल्या उंदरांना नुसते फ्लुओक्सेटिन दिले तर भीती कायमची जात नाही. आवाज वारंवार ऐकवून काहीच वाईट होत नाही असे नुसते शिकवले तर ती जाते पण परत येते. दोन्ही मिळून केले तर ती टिकाऊपणे जाते. ही औषधे चेतापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या ‘ट्रक-बी’ नावाच्या ग्राहकाला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेला, थेट चिकटतात आणि म्हणून मेंदू पुन्हा शिकण्याजोगा होतो, अशी मांडणी याच गटाने २०२१ साली केली. तिच्यावर अजून वाद चालू आहे.

माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होते आणि पहिल्या पावसाने मऊ होते. त्या मऊपणात सोयाबीन पेरले तर सोयाबीन येते आणि काहीच पेरले नाही तर तण माजते. औषधाने आलेली मोकळीकही अशी दोन्ही बाजूंची आहे. रोममधले इगोर ब्रांकी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना फ्लुओक्सेटिन देऊन काहींना चांगल्या, समृद्ध पिंजऱ्यांत ठेवले आणि काहींना सततच्या ताणाखाली. पहिल्यांची अवस्था सुधारली, दुसऱ्यांची बिघडली. ‘स्टार-डी’च्या रुग्णांची माहिती पुन्हा तपासल्यावर माणसांतही असाच कल दिसला, औषधाची मात्रा जास्त असताना राहणीमानाचा मनःस्थितीवरचा प्रभावही जास्त होता. म्हणून ज्या घरात रोज ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ हे वाक्य ऐकवले जाते, तिथे महागातले औषधही तोकडे पडले तर त्याचा दोष गोळीला देऊ नये.

अर्थात उंदराच्या डोळ्यावरून माणसाच्या आयुष्याबद्दल फार मोठी आश्वासने देणे बरे नव्हे, आणि तशी देणारे आजकाल पुष्कळ आहेत. पक्षाघाताचे उदाहरण घ्या. २०११ साली फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात व्यायामोपचारासोबत फ्लुओक्सेटिन दिल्यावर हातापायांची शक्ती अधिक परत आली, आणि साऱ्या जगात आशा पल्लवित झाल्या. मग ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सहा महिन्यांनंतर रोजच्या जगण्यातल्या क्षमतेत काहीच फरक आढळला नाही, नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण मात्र कमी झाले आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्माला येतात का, यावरही शास्त्रज्ञांत एकमत नाही. २०१८ साली काही आठवड्यांच्या अंतराने एका गटाने त्या सापडत नाहीत असे आणि दुसऱ्याने त्या म्हातारपणीही तयार होतात असे प्रसिद्ध केले. जे नि:संशय आहे ते असे की जोडण्या आयुष्यभर बदलतात, पण कष्टाने. लंडनमध्ये टॅक्सी चालवण्याचा परवाना मिळवायचा तर सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्याला वर्षे लागतात. एलिनॉर मग्वायर यांनी अशा उमेदवारांच्या मेंदूच्या प्रतिमा आधी आणि नंतर घेतल्या, तेव्हा जे परीक्षा पार झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या स्मरण आणि दिशाज्ञानाशी संबंधित भागाचा, मागचा हिस्सा वाढलेला दिसला आणि जे पार झाले नाहीत त्यांचा नाही.

मग औषधाच्या जोडीला नेमके काय करायचे? नैराश्यात औषध आणि मानसोपचार एकत्र दिल्याने एकट्या कोणत्याही उपायापेक्षा जास्त गुण येतो, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. पण मानसोपचार म्हटले की आपल्याकडे फी, वेळ आणि ‘लोक काय म्हणतील’ हे तिन्ही आडवे येतात. इथे गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेचे काम फार मोलाचे आहे. तिथे डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना एक साधी पद्धत शिकवली. मन तयार होईपर्यंत वाट पाहायची नाही. लहान, ठरलेल्या, पूर्वी आवडणाऱ्या किंवा उपयोगाच्या कृती ठरवून करायच्या आणि त्यानंतर मनाला काय वाटले याची नोंद ठेवायची. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने स्पष्ट गुण आला. हीच पद्धत आपल्या इंदूर-भोपाळ रस्त्यावरच्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना शिकवण्याचे कामही झाले आहे.

घरी याचे रूप अगदी साधे असते. ज्याला अंघोळही जड वाटते त्याला ‘जरा बाहेर पड की’ असे म्हणून उपयोग नसतो. सकाळी आठ वाजता वहिनीबरोबर कोपऱ्यापर्यंत पोहे आणायला जायचे, एवढेच ठरवावे, आणि ते झाले की वहीत वेळ लिहून मनाला दहापैकी किती गुण ते लिहावे. पुढच्या आठवड्यात अहिल्या लायब्ररीत अर्धा तास, त्यानंतर एखाद्या जुन्या मित्राला फोन, मग जमल्यास ‘सानंद’ संस्थेच्या नाटकाला मागच्या रांगेत बसून एक अंक. ज्या प्रसंगाची भीती वाटते तो थोडा थोडा करून समोर आणावा, एकदम ढकलू नये. औषधाचे पहिले दोन-तीन महिने या कामासाठी सर्वांत मोलाचे असतात, आणि नेमके तेच महिने बहुतेक घरांत ‘गोळी चालू आहे ना, मग होईल बरा’ असे म्हणत निघून जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात मध्य प्रदेशही होता, नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते असे आढळले. इंदूरमध्ये बाणगंगा, म्हणजे तिथले मनोरुग्णालय, म्हटले की अजूनही लोक आवाज खाली करतात. पण एम. वाय. हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे, आणि १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करून प्रशिक्षित माणसाशी विनामूल्य बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील तर चिठ्ठीची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नये, तो फोन त्याच वेळी करावा.

औषध किती दिवस घ्यायचे आणि थांबवल्यावर काय उरते, हा प्रश्न शेवटी प्रत्येक जण विचारतो. पहिल्यांदाच नैराश्य आले असेल तर बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. वारंवार येत असेल तर अधिक काळ. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि आता बरे असलेल्या ४७८ रुग्णांवरची एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य परत आले, आणि ज्यांचे हळूहळू बंद केले त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांना. औषध चालू ठेवल्याने संरक्षण मिळते हे यातून दिसते, आणि बंद करणाऱ्यांपैकी ४४ टक्के जणांना ते वर्षभर नैराश्य परत आले नाही हेही दिसते. आपण त्यांपैकी आहोत की नाही हे आधी कळत नाही, म्हणून बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबर आणि निवांत काळ पाहून घ्यावा. मुलीचे लग्न, बदली, परीक्षा किंवा घरात मोठे आजारपण असताना घेऊ नये. एकदम बंद केल्यास चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते, झोप उडते, विनाकारण रडू येते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांत हा त्रास जास्त, आणि शरीरात दीर्घकाळ राहणाऱ्या फ्लुओक्सेटिनमध्ये कमी होतो. बंद केल्यावर काही दिवसांतच सुरू होऊन हळूहळू ओसरणारा त्रास बहुधा औषध सुटल्याचा असतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चोरपावलांनी येणारी उदासी बहुधा आजार उलटल्याची असते. हा फरक डॉक्टरांना ओळखता यावा म्हणून मात्रा कमी केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख, दोन्ही वहीत लिहून ठेवाव्यात आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्यावी.